शामकलाबाई जिवंत माणसाला रडली

लग्न होऊन गोंदियाजवळच्या मुर्रीत आली तेव्हा शामकला सोळा-सतरा वर्षांची होती. आठव्याच दिवशी शेजारी मौत झाली. नव्या सुनेनं मौतीच्या घरी जायचं नसतं म्हणून सासूनं तिला घरातच ठेवलं. दोन घरांच्या मधे कुडाची भिंत. त्या भिंतीपलीकडे शामकलेची सासू आणि चुलतसासू भांडत होत्या. मढं अंगणात, तिरडीचे बांबू अजून यायचे होते, आणि ह्या दोघी चुलीजवळ उभ्या राहून हळू आवाजात एकमेकींना खात होत्या.

“तुह्या भावाच्या मौतीले मी दोन दिवस घसा फोडला,” सासू म्हणत होती. “आवाज बसला माहा. आन माह्या मायच्या वेळेस तू का केलं? पदर लावला तोंडाले आन बसली. पदराच्या आत सुपारी खाऊन राहिली होती तू!”

“मले येतच नाई रडाले. त्याले मी का करू?”

“सैपाक येत नाई म्हनून पाव्हन्याले कोनी उपाशी ठेवते का? शिकाव लागते!”

“आता तं रडून राहिली ना मी?”

“हे रडनं हाय? अशी तं मांजर रडते दुधासाठी.”

भिंतीला कान लावून बसलेल्या नव्या सुनेला त्या दिवशी समजलं, की या गावात रडणं म्हणजे दुःख नव्हे. ते एक काम आहे, धान रोवण्यासारखं. आज मी तुझ्या बांधीत वाकले, उद्या तू माझ्या बांधीत वाक. आणि कामच असेल तर मग ते नीट करावं, असं शामकलेच्या मनानं घेतलं.

दोन वर्षांत ती असं रडायला शिकली की सासूचं आणि चुलतसासूचं भांडणच मिटलं. दोघीही तिलाच पुढे बसवू लागल्या.

तिची पद्धत ठरलेली. मौतीच्या घरी गेली की आधी रडायचं नाही. चपला बाहेर काढायच्या, कोपऱ्यातली एखादी शहाणी बाई गाठायची आणि तिच्या कानाशी लागून विचारायचं: नाव का? कशानं गेला? मागं कोन कोन हाय? खायले का आवडे? कोनासंगं बोलनं बंद होतं? एवढं सगळं ऐकून घेतलं की मढ्याच्या उशाशी बसायचं, पदर डोळ्यांपर्यंत ओढायचा आणि हेल काढायचा. हेल म्हणजे सुरात रडणं, आणि रडता रडता त्या माणसाचं सगळं आयुष्य बोलून दाखवणं. भाजीत मीठ जास्त झालं की ताट सरकवणारा हात, सायकलची घंटी, चुकून विकलेली गाय, पोरीला दिलेली पहिली चांदीची तोरडी. पाच मिनिटांत अंगणातली बाया-माणसं हुंदके द्यायला लागत. ज्यांचं बोलणं बंद होतं ते सगळ्यात मोठ्यानं.

आणि हे झालं की शामकलेला भूक लागे. येताना रस्त्यानं ती बायांसोबत हसत-खिदळत येई, लाखोळीच्या डाळीचा भाव करी, घरी आल्यावर अंघोळ करून पोटभर भात खाई. निजली की सकाळीच उठे.

तिला सगळ्या आळ्यांतून बोलावणं यायचं. ती बौद्ध वस्तीतली, पण पोवारांच्या वाड्यांतूनही माणूस यायचा. रडायला जात लागत नव्हती. पाण्याला लागत होती. रडून घसा सुकला की पोवारांच्या घरचं पाणी तिला अंगणातच मिळे, वेगळ्या गिलासात. ती गिलासाकडे पाही, पाणी पिई आणि म्हणे, “थंड हाय बाई तुमचं पानी.” एवढंच.

विहाराचे सचिव बुद्धभूषण यांना तिचं रडणं पटत नसे. जे जन्मलं ते जाणारच, त्याच्यासाठी आरडाओरडा करणं धम्मात बसत नाही, असं ते दर पौर्णिमेला सांगत. त्यांची आई गेली त्या सकाळी त्यांनी सायकलवर माणूस पाठवला, शामकलाबाई घरी आहे का ते बघायला. शामकला गेली, रडली, येताना म्हणाली, “धम्मात नाई बसत, पन अंगनात बसते.”

गंमत अशी, की स्वतःचा नवरा ताराचंद गेला तेव्हा तिला रडूच आलं नाही. राइस मिलमधून माणसांनी त्याला घरी आणलं, सगळं गाव जमलं. आज तर शामकला आभाळ फाडणार म्हणून बाया लवकर लवकर भांडी घासून आल्या होत्या. ती त्याच्या पायाशी बसली आणि त्याच्या अंगठ्याचं वाढलेलं नख पाहत राहिली. बाया नाराज होऊन गेल्या. बाहेरच्यांसाठी एवढं, आणि घरच्यासाठी काहीच नाही, असं बरेच दिवस गावात चाललं. “विचाराले कोनीच नोहतं,” ती एकदाच म्हणाली. “नाव का, खायले का आवडे, हे मी कोनाले विचारू? मलेच तं समदं मालूम होतं.”

त्याच्यामागे पोरबाळ नाही, शेत नाही. घर आणि हे रडणं, एवढंच राहिलं. कोणी गेलं की माणूस येणार, “शामकलाबाई, चाला” म्हणणार, मग ही उठून धुतलेलं लुगडं नेसणार. त्या “चाला”वर तिचे दिवस चालले होते. कोणाला हे बोलून दाखवलं असतं तर लोकांनी म्हटलं असतं, बाई मरणाची वाट पाहते. म्हणून ती बोलत नसे.

अशात विवेक आला.

विवेक शेजारच्या घरातला, तिच्याच वस्तीतला. नागपुरात इंजिनिअर झाला, पुण्याला सहा महिने नोकरी करून परत आला, आणि वरच्या खोलीत दार लावून गिटार वाजवत बसला. आई सांगे, पोट्ट्याची तब्येत बरी नाही. तब्येतीचं नाव नीतू होतं. नीतू पोवारांची, माहेर अर्जुनी मोरगावचं. अकरावी-बारावीला गोंदियाच्या कॉलेजात दोघं एका वर्गात. दोन्ही घरांनी एकमेकांना न विचारता एकच निर्णय घेतला. त्या दोन घरांचं एवढं एकमत आधी कधी झालं नव्हतं. नीतूचं लग्न लॉकडाऊनमधे कामठ्याला झालं. विवेक त्या दिवसापासून उदास गाणी करत होता. चार वर्षांत सात झाली. गिटार, ड्रम, हिंदी-मराठी शब्द, आणि सातही गाण्यांत नीतूचं नाव एकदाही नाही, कारण तिची बदनामी नको. आल्बमचं नाव “बंद फाटक”. आठवं गाणं काही जमत नव्हतं.

त्याची आजी गेली तेव्हा त्यानं शामकलेचा हेल ऐकला. आठवडाभरही त्याला धीर निघाला नाही, तिसऱ्याच दिवशी तो तिच्या दारात.

“आजी, तुमच्या रडण्यात सूर आहे.”

“सूर नाई बापा, सर्दी हाय.”

“नाही, खरंच. आपण दोघं मिळून गाणं करू. तुमचं नाव टाकतो मी त्याच्यावर.”

“गान्यावर नाव? कायले? भांड्यावर टाकतेत नाव.”

पण गेली ती. मे महिना, गोंदियाचं ऊन. वरच्या खोलीच्या चारी भिंतींना विवेकनं घरातल्या सगळ्या गोधड्या आणि रजया खिळ्यांनी ठोकल्या होत्या, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. पंखा बंद, कूलर बंद, त्यांचाही आवाज येतो म्हणून. शामकलेच्या कानांवर वाट्यांसारखं काहीतरी बसवलं, तोंडासमोर एक काळं बोंडूक आणून ठेवलं.

“हां आजी. रडा.”

“कोनासाठी?”

“असंच. फील पाहिजे फक्त.”

“असंच हसता येते. असंच रडता नाई येत. मेलं कोन?”

“कोणी नाही मेलं.”

“मंग उठू का मी? भात टाकाचा हाय.”

विवेकनं तिला ब्रेकअप समजावून सांगितला. म्हणजे माणूस असतो आजी, पण आपल्यासाठी नसतो. शामकलेनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “असा तं अर्धा गाव हाय. त्यांच्यासाठी कोन रडते?” मग समजुतीनं म्हणाली, “पाय पोट्ट्या, जित्या मानसासाठी मौतीचं रडनं रडू नाई. अपशकून असते. मले मेलेलं मानूस दे, मी रडतो तुले पायजे तेवढं.”

अर्धा तास गेला. गोधड्यांच्या आत दोघंही घामानं निथळत होते. विवेकनं खाली पाहिलं आणि म्हणाला, “नीतू मेली, आजी.”

शामकलेनं कानावरच्या वाट्या काढल्या. त्याचा हात धरला. मग तिनं तिचं काम सुरू केलं. कशानं गेली? काविळीनं. माय हाय का? आहे, मोरगावला. बाप? मोहनलाल, धानाचा व्यापार. सासर? कामठा. खायले का आवडे? चिंच, मीठ लावून. आन? स्कूटी चालवताना मोठ्यानं गाते. नाकात? खडा, हिरवा. कानामागे तीळ. कॉलेजात एकदा माझ्या डब्यातली भाजी सगळी खाल्ली आणि म्हणाली, मीठ कमी आहे.

मरणाचं तेवढं तो खोटं बोलला होता. बाकी सगळं खरं सांगितलं, आणि वाईट झालं ते त्या खऱ्यानंच.

शामकलेनं पदर ओढला आणि हेल काढला:

*अवो मोरगावच्या माय वो, दार उघड वो माय,*
*तुही नीतू आली पाहुनी, तिच्या संगं कोनी नाय...*
*कामठ्याच्या सासरवासनी, चिचेले मीठ लावलं कोन वो,*
*हिरव्या खड्याची माही बाई, गान्याविना रस्ता सुना वो...*

सहा मिनिटं. विवेकला गिटार हातात धरता येईना. ज्याला दुसऱ्यांना रडवायचं होतं, तोच गोधडीत तोंड खुपसून रडत होता. शामकला उठली, “बापा, पानी पे” म्हणाली, आणि भूक लागली म्हणून घरी गेली.

नीतूचं नाव आणि गावं कापून पाहिली त्यानं, पण ती कापली की हेलच तुटत होता, म्हणून राहू दिली. महिन्यानं त्यानं तिला गाणं ऐकवलं. ती कान देऊन ऐकत राहिली.

“माह्या रडन्याखाली हे कोन कुटून राहिलं?”

“ड्रम आहे, आजी.”

“धान कुटल्यावानी वाटते. बरं हाय.”

आल्बम मोबाइलवर आला. सात गाण्यांना तीन-तीनशे माणसं भेटली. त्यांतली बरीचशी विवेकच्या कॉलेजची. आठव्याला चाळीस हजार. पुण्या-मुंबईची पोरं लिहून पाठवत, की या आजीच्या आयुष्यात किती दुःख असेल. नागपूरहून तिघंजण ते दुःख पाहायला मुद्दाम आले. शामकला तेव्हा दारात वांगी विकणाऱ्याशी हुज्जत घालत होती आणि त्याला काहीतरी असं बोलली होती की तोही हसत होता, तीही हसत होती. पोरं थोडी हिरमुसली. त्यांतली एक पोरगी अदबीनं म्हणाली, आजी, पाच मिनिटं त्या भिंतीजवळ बसाल का? आणि हसू नका, फोटोसाठी. शामकला बसली. पाव्हण्यांना नाही कसं म्हणायचं.

श्रावणात नीतूच्या आत्यानं मोरगावच्या बस स्टँडवर कोणाच्या तरी मोबाइलमधून ते गाणं ऐकलं. मोरगावची माय, कामठ्याचं सासर, हिरवा खडा, चिंच. आत्या तिथेच बाकावर बसली. एवढी मोठी गोष्ट झाली आणि आपल्याला सांगितलं नाही, याचं तिला मरणाहून जास्त लागलं. फोन करून विचारावं असं कोणाच्याही मनात आलं नाही. मौतीच्या घरी फोन करून कोणी खात्री करतं का? बरं नाही दिसत. भाऊ-भावजय आधीच कामठ्याला गेले असतील असं धरून तिनं पाच बाया गोळा केल्या, मिळेल त्या गाडीनं कामठा गाठलं, आणि फाटकापासूनच साही जणींनी रडायला सुरुवात केली.

दार नीतूनंच उघडलं. हात कणकेनं भरलेले.

“कोण गेलं, आत्या?” तिनं घाबरून विचारलं.

आत्या तिच्याकडे पाहून अशी ओरडली की गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली.

चार दिवसांनी नीतूची सासू तुलसाबाई मुर्रीत आली. धिप्पाड बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. शामकलेच्या अंगणात उभी राहून तिनं जे बोलायला सुरुवात केली ते दोन गल्ल्या ऐकत होत्या.

“माह्या जित्या सुनेले मारलं वो तू! भरल्या घरात! गावातली लेकरं तिले पाहून पळून राहिली. हळदी-कुंकवाले तिच्या हातची हळद घेतली नाई कोनी. का बिगाडलं होतं तुहं आमी?”

शामकलेला आधी काही समजेना. “जिती हाय?” तिनं विचारलं.

“जिती? काल दोन पायल्या गहू निवडले तिनं!”

“बरं झालं वो माय,” शामकला म्हणाली आणि हात जोडले. तिला खरंच बरं वाटलं होतं. पण तुलसाबाईला वाटलं, बाई वरून टोमणा मारते. ती आणखी अर्धा तास बोलली आणि जाताना सांगून गेली, की माझ्या दाराच्या आसपास दिसलीस तर पाय मोडीन.

शामकला तशीच विवेककडे गेली.

“काढ ते गानं.”

“आजी, आता काढून काही होत नाही. लोकांनी आपापल्या मोबाइलमधे घेतलं आहे.” त्याची मान खाली. “आणि ते गाणं तुमचंही आहे ना.”

“माहं हाय म्हनूनच सांगून राहिली. तू खोटं बोलला तं पोट्टा हायस, होते. मी खोटं रडली. माह्या इतक्या वर्सांत कोनी बोट दाखवलं नोहतं.”

त्यानं गाणं काढलं. त्याला काही अर्थ नव्हता. ते केव्हाच नाचाच्या मंडपापर्यंत पोचलं होतं, कोणीतरी त्याच्यावर नाचायचा ठेका बसवला होता.

मग मुर्रीत बोलावणी थांबली. कोणी तोंडावर काही म्हणालं नाही. फक्त आतल्या आत पसरलं, की शामकलेच्या तोंडात जिवंत माणसांची नावं यायला लागली. आज मढ्याला रडता रडता तिच्या तोंडून घरातल्या दुसऱ्याचं नाव निघालं तर? भादव्यात गल्लीच्या टोकाला एक म्हातारी गेली. शामकला लुगडं नेसून दारात बसली. कोणी आलं नाही. दसऱ्याच्या आधी आणखी एक. तेव्हाही ती बसली. त्या घरून रडण्याचा आवाज येत होता, चार-दोन बाया नुसत्या ऊं ऊं करत होत्या, ना नाव, ना गाव, ना चव. शामकलेला ऐकवेना. ती घरात गेली, पातेलं घासलं, पुन्हा घासलं. तिसऱ्या मौतीला तिनं लुगडं बदललंच नाही.

बुद्धभूषण तिला विहाराजवळ भेटले. “बघा शामकलाबाई, चांगलंच झालं. जुन्या गोष्टी अशाच सुटतात.”

“हो भाऊ,” ती म्हणाली. “सुटली खरी. पन कोन कोनाले सोडलं, ते समजून नाई राहिलं.”

एवढं रडून जगलेल्या बाईला आता रडायचं कुठे हेच कळेना. स्वतःसाठी रडायची तिला सवय नव्हती.

दिवाळी झाली. धान कापणीला आलं. एका दुपारी दारात स्कूटी थांबली आणि तिच्यावरून एक पोरगी उतरली. नाकात हिरवा खडा. शामकलेनं सुपातले तांदूळ खाली ठेवले आणि तिच्याकडे पाहतच राहिली. जिला तिनं घासा-घासानं, तिळा-तिळानं मेलेली केली होती, ती समोर उभी राहून हेल्मेट काढत होती.

“बँकेत काम आहे सांगून आली मी,” नीतू म्हणाली. “सासूले माहीत नाही.”

“बस बाई. मले माफ कर.”

“माफी राहू द्या. ते गाणं मी अकरा वेळा ऐकलं.” ती बसली, पर्समधून कागदात गुंडाळलेली चिंच काढली, एक बोटूक शामकलेला दिलं. “माझ्या लग्नात वीस माणसं होती, आजी. तोंडाला मास्क. आईला ताप होता, ती दुसऱ्या खोलीत बंद. पाठवणीच्या वेळेस पोलीसवाला म्हणाला, चलो, जल्दी करो. कोणी रडलंच नाही. मी गाडीत बसली आणि गाडी निघाली. एवढं कोणी माझ्यासाठी बोललंच नव्हतं कधी.”

“ते मौतीचं होतं ना वो.”

“असू द्या. पण आता माझं काही करा. घरात मी भूत होऊन राहिली आहे. सासू बोलते, पण माझ्या हातचं पाणी आधी निरखते, मग पिते.”

विवेकचं नाव दोघींनीही घेतलं नाही. वरच्या खोलीतून गिटार ऐकू येत होती. नीतूनं एकदा वर पाहिलं आणि म्हणाली, “सूर खाली ठेवला आहे त्यानं. नेहमी ठेवतो.”

शामकला बराच वेळ चिंच चोखत बसली. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. रडण्यात रडणं दोन. मौतीच्या रडण्यात विचारतात, कायले गेली वो. पाठवणीच्या रडण्यात म्हणतात, येत जा वो. सूर तोच, हेल तोच. शब्द फिरला की बाई मेलेली नसते, सासरी जात असते. आणि जिची पाठवणी सगळ्या गावासमोर रडून झाली ती मेलेली कशी असेल?

“तुही पाठवनी राहिली हाय,” शामकला म्हणाली. “ते बाकी काम हाय. मी येतो.”

“सासू पाय मोडेल.”

“मोडन तं मोडन. रडन्याचं काम बसून होते.”

आठ दिवसांनी शामकला ऑटोनं कामठ्याला गेली. एकटी. विवेक मागे लागला होता, की मला येऊ द्या, रेकॉर्ड नाही करणार, नुसता दूर उभा राहीन. तिनं त्याला सांगितलं, “तू नाई. तुहं गानं झालं. हे तिचं हाय.”

तुलसाबाई अंगणात धान वाळवत होती. शामकलेला पाहताच तिनं हातातलं फावडं उचललं. पण शामकला थांबली नाही. ती सरळ फाटकात, मातीत बसली, पदर ओढला आणि हेल काढला:

*येत जा वो नीतूबाई, दिवाळीले येत जा,*
*मायच्या हातचं नेत जा, लेकराले आनत जा...*

शेजारच्या बाया भिंतीवरून वाकल्या. मग फाटकातून आत आल्या. नीतू दारातून आली आणि कोणी न सांगता शामकलेच्या गळ्यात पडली. चार वर्षांचं राहिलेलं रडणं होतं. ते लवकर आटोपणारं नव्हतं. शामकला तिचं लहानपण सांगत होती, तापात पडलेली माय सांगत होती, मास्कवाले वीस वऱ्हाडी सांगत होती. मग सासरच्यांवर आली, रीतीप्रमाणे. सासूचं कौतुक करायचं असतं पाठवणीत. तिनं तुलसाबाईचं वाळवलेलं धान सांगितलं, चार दिवसांत सुनेसाठी मुर्री गाठलेली सांगितली, जित्या सुनेसाठी दोन गल्ल्या हलवलेल्या सांगितल्या. फावडं खाली पडलं. तुलसाबाईनं डोळे पुसले आणि मोठ्यानं म्हणाली, “एवढं खोटं बोलाची गरज नोहती.” पण रडत होती.

सगळं झाल्यावर नीतूनं पाणी आणलं. शामकला सवयीनं अंगणात हात पुढे करून बसली होती. तुलसाबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग सुनेच्या हातातल्या गिलासाकडे.

“आत नेऊन दे,” ती सुनेला म्हणाली. “बाहेर ऊन हाय.”

ऊन काही फार नव्हतं, कार्तिक होता. पण कारण लागतं माणसाला. शामकला आत गेली, पाटावर बसली, नीतूच्या हातच्या पुऱ्या आणि उडदाचे वडे बायांच्या देखत खाल्ले. रडल्यावर भूक लागतेच. चौथ्या वड्याला तुलसाबाई तिच्याजवळ सरकली.

“माह्या वेळेस येशीन का?”

“कुठं?”

“मौतीले वो. ह्या आजकालच्या सुना, पदर लावून बसतीन नुसत्या. मी सांगून ठेवतो तुले. धानाचं बोलजो. माह्या हातच्या लोनच्याचं बोलजो. नंदेचं नाव नको घेजो, तिनं काई केलं नाई माह्यासाठी.”

“जित्या मानसाचं मी आता काईच ऐकत नाई,” शामकला म्हणाली. पण ऐकून घेतलं सगळं.

कामठ्याची बातमी शामकलेच्या आधी मुर्रीत पोचली. अगहनात, म्हणजे मार्गशीर्षात, पहिला माणूस दारात आला तो बुद्धभूषण यांचा. त्यांचे सासरे गेले होते. “दादांनी सांगितलं, शामकलाबाईला जमत असेल तर,” तो चाचरत म्हणाला. “धम्माप्रमाणेच होणार सगळं, पण.” शामकलेनं “पण”च्या पुढचं ऐकलं नाही, ती लुगडं शोधत होती.

“बंद फाटक” आता कोणी ऐकत नाही. विवेक लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, हळदीची गाणी, आणि त्याची तब्येत सुधारली असं त्याची आई सांगते. नीतूला मुलगी झाली. तुलसाबाई आहे अजून, धट्टीकट्टी, आणि चिडलेली आहे. एवढं नीट सांगून ठेवलं आणि बाई माझ्याआधी गेली, सांगूनही गेली नाही, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते.

शामकला माघात गेली, झोपेतच. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी बिसरामच्या घरून तिला बोलावणं आलं होतं. बिसराम राइस मिलमधला जुना हमाल. गावात त्याचं कोणाशी पटलं नाही, आणि घरात तर त्याहून नाही. शामकला गेली. चपला बाहेर काढल्या. कोपऱ्यातल्या सुनेच्या कानाशी लागली: कशानं गेला? मागं कोन कोन हाय? खायले का आवडे?

“काईच आवडत नोहतं त्याले,” सून म्हणाली.

“असं होत नाई. याद कर.”

सुनेनं बराच वेळ आठवलं. “गरम भातावर ताक.”

“हां,” शामकला म्हणाली. मग उशाशी जाऊन बसली, पदर ओढला आणि बिसरामला रडली, ताकासकट, पूर्ण. तिरडी उठल्यावर अंगणात पाणी प्यायली, चपला घातल्या आणि दोन बायांसोबत बोलत घरी निघाली. वाटेत दुकानाशी थांबून लाखोळीच्या डाळीचा भाव विचारला. महाग म्हणाली, तरी अर्धा किलो घेतली.